नाथसागराच्या काठावर अडकलेले दोन दिवस

१७ सप्टेंबरचं झेंडावंदन आटोपलं आणि मी पैठणचा रस्ता धरला. छत्रपती संभाजीनगरात माझ्या घरी नळाला येतं ते पाणी जायकवाडी धरणाचं, म्हणजे नाथसागराचं. ते होडीतून ओलांडायचं आणि पलीकडे शेवगावच्या अंगाला उतरायचं, हे कधीपासून मनात होतं. काठावरच्या एका वस्तीतले भोईमामा न्यायला तयार झाले होते. निघायचं दुसऱ्या दिवशी पहाटे.

पहाटे पाहतो तर होडी वर ओढून बाभळीला बांधलेली.

"आज न्हाई जमायचं," मामा म्हणाले. "लई गपगार हाय. दुपारून वारं उठंल."

पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. माझा जीव चुळबुळत होता, पण मामांनी पुन्हा आभाळाकडे पाहिलंही नाही. ते जाळं घेऊन पडवीत बसले.

दुपारी अडीचच्या सुमारास त्यांनी हाक मारली. "ती रेघ दिसती का?" पश्चिमेला पाण्यावर काळपट पट्टा उमटला होता. तो बघता बघता आमच्याकडे सरकला. वारं पोचायच्या आधी पाणी असं काळवंडतं, आणि ती रेघ दिसल्यावर काठ गाठायला फार वेळ मिळत नाही. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब. पश्चिमेचं वारं सुटलं की त्याला मधे अडवणारं काही नाही. लाटा आखूड आणि उभ्या उठतात, होडी एकीवरून उतरते न उतरते तोच दुसरी आदळते. काठालगत पाण्याखाली बाभळीची खोडं आणि पडक्या भिंती आहेत, त्यांचा धोका वेगळाच. आम्ही पहाटे निघालो असतो तर पलीकडे पोचलोही असतो कदाचित. पण मामांना एकट्याने परत यायचं होतं, आणि ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. याची मला आजही खंत वाटते.

मग विजा. मोबाइलवरचं 'दामिनी' ॲप इशारे देत होतं. मामींनी शेरडं आत घेतली, चूल पेटवली. रात्री येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि तव्यावर परतलेले झिंगे.

दुसरा दिवसही तसाच गेला. पाऊस थांबे, वारं थांबेना. मी फाटक्या जाळ्याची घरं भरायला शिकलो. दुपारपर्यंत जेमतेम वीतभर काम झालं. मामांच्या वडिलांचं गाव याच पाण्याखाली आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली धरणाची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि मधल्या वर्षांत मामांच्या घराची तुळई बैलगाडीतून या वस्तीवर आली. पडवीला तीच तुळई आहे. मी तिला हात लावून पाहिला. गुळगुळीत झाली आहे.

संध्याकाळी शेजारचे दोघे भिजत आले. पहिला प्रश्न, "नाशकाला कसाय पाऊस?" आपल्या दारात धो धो पडत असताना! पण हे धरण मुख्यतः नाशिक आणि नगरच्या पावसावर भरतं, त्यामुळे इथल्या माणसाचा एक डोळा कायम वरच्या आभाळावर. दुसरा प्रश्न, "किती टक्के झालं?" हा तर आमच्या घरीही रोज सकाळी विचारला जातो.

तिसऱ्या पहाटे मामांनी हलवून उठवलं. पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता, पाणकावळे रांगेने पाण्यावर निघाले होते. होडी ढकलली. मामा वल्ही मारत होते, मी आत आलेलं पाणी डब्याने उपसत होतो. मधे तासभर दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

पलीकडच्या चिखलात उतरलो. मामींनी बांधून दिलेली भाकरी त्यांना अर्धी द्यायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दादा, वाटंला लागंल." पैसे न मोजता खिशात घातले, एकदा पश्चिमेकडे पाहिलं आणि लगेच होडी वळवली.

ती ठिपक्याएवढी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. दुपारी फोन आला, मामा पोचले होते.