हे पैसे परत करावे लागतात का?

पीयूसीचा (कर्नाटकातील अकरावी-बारावीचा) निकाल लागला की बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावचे पालक कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, हे पैसे परत करावे लागतात का?" शिष्यवृत्ती परत करायची नसते, शैक्षणिक कर्ज मात्र व्याजासह फेडायचे असते, शिक्षण चालू असताना सहसा हप्ता नसला तरी व्याज वाढत राहते, हे मी आवर्जून सांगतो.

राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन भरतात. त्यासाठी नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळालेल्या जात व उत्पन्नाच्या दाखल्यावरील आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, लागतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. गेल्या वर्षी एका मुलीचा अर्ज मंजूर होऊनही केवळ ही जोडणी नसल्यामुळे पैसे अडकले. तिच्या आईचा काळजीने उतरलेला चेहरा मी विसरू शकलेलो नाही. दाखले कन्नडमध्ये असल्यामुळे अनेक पालक बिचकतात, म्हणून मी प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत सांगतो.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये रैत विद्यानिधी योजना सुरू झाली. तीत बीए, बीकॉमसाठी मुलांना वर्षाला ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये ठरवण्यात आले. ज्यांच्या दाखल्याची मुदत संपत आली आहे, त्यांनी नाडकचेरीत आताच अर्ज द्यावा.