तीन पिकअप, सहा स्विच आणि आधीच्या कारागिराची हुशारी

गिटार टेबलावर आली तेव्हा तक्रार एका ओळीची होती. "आवाज येतो, पण ब्रायन मेचा येत नाही." असं कोणी म्हणालं की दोष बहुतेक वेळा बोटांत निघतो, पण ते तोंडावर सांगता येत नाही. ही रेड स्पेशलच्या, म्हणजे क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या घरगुती गिटारीच्या, धर्तीवर बनवलेली गिटार होती, सेकंडहँड घेतलेली. मीटर लावलं आणि या खेपेला गिऱ्हाइकाचंच खरं निघालं.

एक पिकअप (तारांचं कंपन टिपणारं चुंबक आणि कॉइल) चालू ठेवून व्हॉल्यूम पूर्ण उघडला, तर जॅकवर, म्हणजे केबल खुपसायच्या जागी, 6.8 किलोओहम रोध. बरोबर. दुसरा चालू केल्यावर आकडा 13 च्या पुढे जायला हवा होता, तो उलट 3.4 वर उतरला. बाकी काही बघायची गरजच नव्हती. पिकअप एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये, न जोडता कोणीतरी समांतर जोडले होते.

ज्यांना स्वतः तपासायचं असेल त्यांच्यासाठी हिशेब असा. रेड स्पेशलमध्ये असतो त्या ट्राय-सॉनिक जातीचा एक पिकअप साधारण 7 किलोओहमचा. सिरीजमध्ये दोन म्हणजे 14, तीन म्हणजे 21. जॅकवर मात्र 13.3 आणि 19.4 दिसतील, कारण 250 किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रोध) त्यांना समांतर बसलेला असतो. टोनचा पॉट हिशेबात धरायचा नाही. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी करंट तिथून जात नाही.

मागचं झाकण काढलं. सोल्डरिंग देखणं होतं, त्यामुळे राग जास्त आला. या माणसाला हात होता, फक्त समोरची गिटार समजून घ्यायची नव्हती. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत पिकअप समांतर असतात म्हणून इथेही तसेच, आणि फेजचे (पिकअपचा सिग्नल उलटा करणारे) तीन स्विच "कशाला हवेत" म्हणून तारा कापून नुसते शोभेला ठेवलेले. आपल्याकडे बऱ्याच दुरुस्त्या अशाच होतात. जे ओळखीचं नाही ते ओळखीचं करून टाकायचं.

मूळ गिटार 1963 च्या सुमारास लंडनजवळ ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी घरी बनवायला घेतली. फेंडर परवडत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले, मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची, त्यातली किड्यांची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली. ट्रेमोलोला, म्हणजे सूर हलवायच्या दांड्याच्या यंत्रणेला, जुन्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा, दांड्याच्या टोकाला आईची विणायची सुई, फ्रेटच्या खुणांना आईचीच शिंपल्याची बटणं. हे किस्से सगळ्यांना पाठ असतात. वायरिंगबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि सगळा खेळ तिथे आहे.

प्रत्येक पिकअपला दोन सरकते स्विच, एक चालू-बंदचा आणि एक फेज उलटवायचा. तिन्ही पिकअप सिरीजमध्ये. एकटे तीन, जोड्यांचे सहा, तिघांचे मिळून चार, असे 13 वेगवेगळे आवाज. एकाच फेजमधल्या दोन पिकअपनी आवाज जाड आणि जोरकस होतो. एक उलटवला की दोघांत जे सारखं आहे ते एकमेकांना खातं. खर्ज गळून पडतो आणि वर नाकातला, धारदार आवाज उरतो.

मे वाजवतो व्हॉक्स एसी30 या ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर), आवाज पूर्ण सोडून, पुढे सिग्नल वाढवणारा ट्रेबल बूस्टर लावून. ही जोडी त्याने गिटारवादक रोरी गॅलेगरकडून उचलली. अशा मांडणीत ॲम्प कायम आवाज फाटायच्या काठावर असतो. गिटारीचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज स्वच्छ, पूर्ण केला की गर्जना. मे गातोही. क्वीनच्या सुरावटी गायक फ्रेडी मर्क्युरी, ड्रमर रॉजर टेलर आणि मे या तिघांच्या आवाजांच्या थरांनी बनल्या आहेत. माईकसमोरून न हलता करंगळीने नॉब फिरवून आवाज बदलता येणं त्याच्या फार कामाचं असणार. समांतर जोडणीत गिटारीतून निघणारा सिग्नलच अशक्त होतो आणि पुढची सगळी साखळी उपाशी राहते. 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्ब्लीत लाइव्ह एड मैफलीच्या वेळी अख्ख्या स्टेडियमवर पसरलेला आवाज याच घरगुती वायरिंगमधून निघाला होता. आपल्याकडे क्वीन म्हटलं की गाडी मर्क्युरीच्या पाचगणीच्या शाळेवर येऊन थांबते. थांबू दे.

आता काम. तारा उपटून सिरीज करणं सोपं वाटतं, पण आधीच्या माणसाने मधल्या पिकअपच्या कॉइलचं एक टोक त्याच्या धातूच्या कव्हरलाच सोल्डर केलं होतं. समांतर जोडणीत कव्हर ग्राउंड असल्याने ते चालून जातं. सिरीजमध्ये फेज उलटवला की तेच कव्हर सिग्नलला जोडलं जातं, आणि बोट लागताच घूंऽऽ. म्हणून कव्हरची ग्राउंड तार वेगळी आणि कॉइलची दोन टोकं वेगळी, अशा तीन तारा बाहेर आणाव्या लागतात. ट्राय-सॉनिकच्या कॉइलला बॉबिन (गुंडाळायचं रीळ) नसतो, नुसती टेपने गुंडाळलेली असते. टेपचा एक पदर सोडवून केसाहून बारीक टोक सापडवायचं, त्याला लवचीक तार जोडायची, आणि सांध्यावर ताण येऊ नये म्हणून ती तार कॉइलभोवती एक वेढा देऊन पुन्हा टेपखाली घ्यायची. घाई केली की टोक आत तुटतं आणि कॉइल नव्याने गुंडाळायची वेळ येते.

जोडणी झाली आणि पाच मिनिटांत गिटार मुकी. सिरीजचा हा दुसरा गुण. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब सैल झाला की सगळी माळ जाते, तसा एक स्विच खराब झाला की तिन्ही पिकअप जातात. समांतर असताना तोच दोष लपून राहिला होता. फेजचा एक स्विच आतून काळा पडला होता, त्यावर कोणीतरी तेल मारलेलं आणि तेलावर धूळ. तेल नको. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच खूप वेळा पुढे-मागे करायचा. तरी मीटरचा आकडा नाचत असेल तर स्विच बदलायचा. मी बदलला.

मग शिट्टी. ॲम्प वाढवला की ब्रिजचा (खाली तारा जिथे टेकतात तिथला) पिकअप किंचाळायचा. स्पीकरच्या आवाजाने तार घुमून येणारा फीडबॅक सुरात असतो, मे तर तो मुद्दाम काढतो. ही शिट्टी मात्र कॉइलचे सैल वेढे थरथरल्याने येते. कव्हरवर पेनाने टकटक केली आणि ती टकटक स्पीकरमधून ऐकू आली की ओळखायचं. मेने आपल्या ट्राय-सॉनिकमध्ये ॲरल्डाइट (घट्ट होणारा गोंद) ओतून हा प्रश्न कायमचा मिटवला. कायमचा म्हणजे तो पिकअप पुन्हा उघडत नाही. कॉइलची तार पुढेमागे तुटली तर पिकअप फेकायचा.

मी मेण वापरलं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशांचं मेण, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून 60 ते 65 अंश. थेट आचेवर कधीच नाही, मेण पेटतं. बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप आत ठेवायचा. मेण गरम करून पुन्हा काढता येतं. पण पातळ मेण जाड टेपच्या आत कितपत पोचलं हे कापल्याशिवाय दिसत नाही. टेबलावरच्या छोट्या ॲम्पवर शिट्टी गेली. उघड्या मैदानात, एसी30 पूर्ण सोडून, मोठ्या स्टेजवर जाईल का, यावर माझं मन अजून ठरत नाही. ॲरल्डाइटची बाजू घेणारे मेचाच दाखला देतात. त्याच्या गिटारीच्या बाबतीत ते खरं आहे, पण ती त्याची स्वतःची होती. दुसऱ्याच्या गिटारीत परत न निघणारी गोष्ट ओतायला माझा हात धजत नाही.

ट्रेमोलोचं काम किरकोळ निघालं. ब्रिजवरच्या चाकांपैकी दोन घामाच्या मळाने अडकली होती. ती फिरती केल्यावर तारा पुन्हा सुरात परतू लागल्या.

गिऱ्हाइकाने नाण्याने वाजवायचंही विचारलं, कारण मे सिक्सपेन्स या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतो. कातर कडेची जुनी तांबे-निकेलची पावली चालेल म्हटलं, आकार जवळपास तोच. स्टीलची नको, ती तारा खाते. आणि नवीन काही शोधण्याआधी ब्रिजचा आणि मधला, दोन्ही एकाच फेजमध्ये ठेवून वाजव. मे स्वतः बराच वेळ त्याच जोडीवर असतो. मैदानात शिट्टी आलीच तर ब्रिजचा पिकअप एकटा घेऊन ये, ॲरल्डाइटचा निर्णय तुझ्यासमोर, तुझ्या सहीने.