तिने मला अडवलं

आज वर्गात माझ्या एका विद्यार्थिनीने मला अडवलं. एवढंच झालं, पण दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

इजिप्तमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या हुदा शारावीचं सांगत होते. 1923, रोमची महिला परिषद आटोपून कैरोला परत, स्टेशनवर उतरताच चेहऱ्यावरचा नकाब बाजूला. तेवढ्यात आवाज आला, "दुक्तूरा (अरबीत डॉक्टरबाई, म्हणजे मी), ही तुमच्या आवडीची गोष्ट. माझ्या घरची नाही." बोलली कोण, तर सत्रभर मान खाली घालून बसणारी ती! मग मलक हिफ्नी नासिफ या हुदाच्याच काळातल्या इजिप्शियन लेखिकेवर बोलतच राहिली. 1911 मध्ये मलकने इजिप्शियन काँग्रेस या राजकीय परिषदेकडे मागण्या पाठवल्या: मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण, बायकांना मशिदीत नमाज, वैद्यकीचं शिक्षण. नकाब काढण्याचं त्यात नाही. ते पुरुषांनी बायकांवर लादू नये, असं मलकचं मत. शेवटी म्हणाली, "माझ्या अस्यूतच्या आजीने डोक्यावरचं कधी काढलं नाही. पण जमिनीतला वाटा भावांकडून घेतलाच."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मला आनंद व्हायला हवा होता. लागलं. का लागलं? खुर्च्या गोलात मांडते, आजीची हकिकत विचारून आणायला लावते, रोजनिशी अरबीत लिहा, नाव घालू नका म्हणते, ते याचसाठी ना? की शेवटी बाहेरचीच बाई मी, हे ऐकू आलं म्हणून? आईशी बोलताना हल्ली असंच होतं. असो.

तिला बोलायला मी शिकवलं, असंही मनात येऊन गेलं. ते खरं नाही. आजी तिची, वाद मलकचा. पण इतर तासांना हीच मुलगी हजेरीपुरतं 'यस' म्हणते. उलट बोलता येईल असा एक तास तिला मिळाला आणि तिने तो वापरला. तो माझ्यावरच वापरला, हे आता जरा कमी टोचतंय.

1918 मध्ये मलक ऐन तिशीत गेली, आणि तिच्या स्मृतिसभेत हुदा बोलायला उभी राहिली होती. दोघींतून एकच निवडावी लागते असं मला वाटत नाही. तिला हे सांगायचंय. तिला पटेलच असं नाही.

मंगळवारचा तास तू घे, असं लिहून पाठवलं. लगेच उत्तर: "अरबीतून घेईन." घे म्हटलं. शेजारी बसणाऱ्या कुणाला तरी अर्थ विचारत ऐकेन.