‘सेन्सिटिव्ह स्किन’ म्हणण्याआधी एवढं तपासा

नवं क्रीम लावल्यावर चेहऱ्याची आग झाली की आपण लगेच ‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे’ असं ठरवून टाकतो. त्वचारोगतज्ज्ञ मात्र हे निदान सगळ्यात शेवटी करतात. एरवी ज्यानं काहीच होऊ नये अशा गोष्टीनं आग, चुणचुण, खाज किंवा मुंग्या येतात आणि त्यामागे दुसरा कुठलाच त्वचारोग सापडत नाही, तेव्हाच त्वचा संवेदनशील म्हणायची. म्हणजे आधी बाकीचे रोग शोधायला हवेत, आणि नेमकं तेच राहून जातं.

पहिला प्रश्न वेळेचा. लावल्यावर काही मिनिटांत चुणचुण होते, थोड्या वेळानं ओसरते आणि त्वचा वरून जवळपास नेहमीसारखी दिसते, तर संवेदनशीलतेची शक्यता जास्त. ॲलर्जीचं पुरळ सहसा एक ते तीन दिवसांनी उठतं, खूप खाजतं आणि लावलेल्या जागेबाहेरही पसरतं. म्हणून हाताला क्रीम लावून अर्ध्या तासात ‘काही झालं नाही’ म्हणणं निरुपयोगी आहे.

मग जागा पाहा. पापण्या, कान, कपाळाची कड आणि मान खाजत असेल तर हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनावर संशय घ्यावा. काळ्या मेंदीतही बहुधा तेच घातलेलं असतं. टिकलीच्या जागी खाज सुटली किंवा पांढरा डाग दिसू लागला तर टिकलीचा गोंद कारण असू शकतो, आणि टिकली तेव्हाच थांबवावी. कानाची पाळी, गळा आणि बेंबीखालची जीन्सच्या बटणाची जागा दागिन्यांतल्या आणि बटणातल्या निकेल धातूकडे बोट दाखवते. शेतात किंवा मोकळ्या रानाजवळ राहणाऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या पुरळात गाजर गवत विसरू नये. त्याचे कण हवेतून येतात, म्हणून पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भागही सुटत नाही. उन्हाच्या ॲलर्जीत या सावलीतल्या जागा बहुधा कोऱ्या राहतात. ही खूण फार उपयोगी आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त निसटणारं कारण म्हणजे गोरेपणासाठी किंवा पिंपल्ससाठी वापरलेलं स्टेरॉइड क्रीम. लावलं की छान वाटतं, बंद केलं की काही दिवसांत आग आणि लाली दुपटीनं परतते. माणूस पुन्हा तेच लावतो. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते कसं सोडायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, साधारण ५ सेंमी लांबी-रुंदीच्या जागी तेच क्रीम दिवसातून २ वेळा, ७ दिवस लावा. पुरळ आलं तर लगेच थांबा. ही चाचणी फक्त लावून ठेवायच्या वस्तूंसाठी आहे. फेसवॉश, शाम्पू आणि हेअर डाय यात घेऊ नका.

शंका राहिली तर पॅच टेस्ट. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास ठेवतात. काढल्यावर एकदा आणि पुढे ७२ किंवा ९६ तासांना पुन्हा पाहतात. दुसऱ्या वेळी वाढलेली प्रतिक्रिया ॲलर्जीकडे झुकते, ओसरणारी बहुधा नुसत्या जळजळीची असते. दुसऱ्या तपासणीला न जाणं म्हणजे चाचणी अर्धवट सोडणं. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. पोटातून स्टेरॉइड घेत असाल किंवा पाठीवर लावत असाल तर आधी सांगा, नाहीतर खरी ॲलर्जीही दबून जाते.

हे सगळं निगेटिव्ह आलं, तर वस्तू कमी करा: सौम्य क्लिन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. लिंबू, बेसन आणि स्क्रब बंद. त्वचा शांत झाल्यावर एका वेळी एकच नवी वस्तू आणा, आणि पुढची आणण्याआधी २ आठवडे जाऊ द्या.

डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला आणि केसांना लागणारं सगळं पिशवीत घालून न्या: तेल, कुंकू, उटणं, डायचं खोकं आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली ट्यूबसुद्धा.