बोधिसेनाच्या कुंचल्याची दोरी

ओसाकाहून नारा हे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या हिशेबात चपखल बसणारे शहर आहे. नाम्बा स्थानकातून किन्तेत्सु रेल्वेने सुमारे ४० मिनिटांत तेथे पोहोचता येते, आणि बहुतेक प्रवासी हरणे, मोठा बुद्ध व एखादे देऊळ एवढे उरकून रात्रीच्या जेवणाला पुन्हा ओसाका गाठतात. ७१० ते ७८४ या काळात, मधली काही वर्षे वगळता, जपानची राजधानी असलेल्या शहराला एकच दिवस देणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला पटणार नाही. माझे मत मात्र असे की, शहराबाहेरच्या होर्युजी या प्राचीन देवळाचा मोह आवरून स्थानकापासून पूर्वेच्या डोंगरापर्यंतच फिरायचे ठरवले, तर एक दिवस पुरतो. कारण पाहण्यासारखे बरेच काही एकाच चालण्याच्या टप्प्यात आहे.

त्या वाटेवरचे पहिले यजमान म्हणजे हरणे. कासुगा देवस्थानचा देव पांढऱ्या हरणावर बसून येथे आला, अशी आख्यायिका असल्याने त्यांना शतकानुशतके अभय मिळाले आहे, आणि आज हजाराहून अधिक हरणे उद्यानात, रस्त्यावर, दुकानांच्या दारात मोकळी हिंडतात. त्यांच्यासाठी तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची बिनसाखरेची बिस्किटे विकायला असतात. विक्रेत्याच्या ठेल्यावर रचलेल्या थप्पीकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. पण तीच थप्पी गिऱ्हाइकाच्या हातात पडली की मान लववून नमस्कार सुरू होतो आणि नमस्कार दुर्लक्षिला गेला तर सदऱ्याचे टोक ओढले जाते. बिस्किटे संपल्यावर दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवावे लागतात. ते नीट निरखल्यावरच मंडळी दुसऱ्या पाहुण्याकडे वळतात; बँकेतला रोखपालही इतका चोख नसेल.

कोफुकुजी देवळाचा पाचमजली मनोरा दुरुस्तीसाठी झाकलेला असल्याने तेथे फारसे रेंगाळण्याचे कारण उरले नाही. मोठ्या बुद्धाचे देऊळ असलेल्या तोदाईजीच्या दक्षिण महाद्वारात मात्र थांबावेच लागते, कारण दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल उभे आहेत. उन्केई, काइकेई हे शिल्पकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ मध्ये ही जोडी अवघ्या ६९ दिवसांत उभी केली.

महाबुद्धाविषयी छायाचित्रांतून इतके पाहिलेले असते की प्रत्यक्षात काही नवे वाटेल अशी अपेक्षा नसते, आणि तरीही त्या अंधारलेल्या सभागृहात पाऊल ठेवताच मान आपोआप वर जाते. सुमारे १५ मीटर उंचीची ही वैरोचन बुद्धाची कांस्यमूर्ती घडवण्याचा संकल्प सम्राट शोमूने ७४३ मध्ये सोडला, तो देवीची साथ, दुष्काळ आणि बंडाळी यांनी देश पोळून निघाल्यानंतर. गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन कोणी मदतीला आला तरी त्याला परत पाठवू नये, अशा आशयाची त्याची आज्ञा होती, आणि वर्गणी गोळा करण्याचे काम ग्योकी नावाच्या लोकप्रिय भिक्षूने अंगावर घेतले. मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा, म्हणजे कुंचल्याने डोळे रेखण्याचा, सोहळा ७५२ मध्ये झाला. प्रकृती साथ देत नसल्याने शोमूने तो मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला दिला. बोधिसेन चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला आला होता आणि नारातल्याच दाइआनजी मठात राहत होता.

आता मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. बोधिसेनाच्या हातातल्या कुंचल्याला निळी रेशमी दोरी बांधलेली होती, आणि खाली जमलेल्यांनी ती हाती धरली होती. म्हणजे डोळे रेखणारा हात एकाचा असला तरी पुण्यात वाटा सर्वांचा. पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी, आणि दुसरी कितीही लांबली तरी माणसे तीच धरतात; लांबून पाहून भागत नाही, हात लागायला हवा. नाराच्या त्या समारंभात ही निकड ओळखून तिची सोय आधीच केलेली होती, याचे मला फार कौतुक वाटते.

बोधिसेनाने रेखलेले डोळे मात्र आज नाहीत. ११८० च्या युद्धात देवळाला आग लागली आणि मूर्तीची मोठी हानी झाली, १५६७ मध्ये पुन्हा तेच घडले, आणि सध्याचे मस्तक सतराव्या शतकाच्या अखेरीचे आहे. सभागृह १७०९ मधले, तेही मूळच्यापेक्षा बरेच अरुंद. मूळ कामाचे अवशेष पाहायचे तर नजर खाली, आसनाच्या कमळपाकळ्यांकडे न्यावी लागते. पण कुंचला आणि दोरी या दोन्ही वस्तू शाबूत आहेत. सभागृहाच्या मागे ओंडके रचून बांधलेल्या, खांबांवर उचलून धरलेल्या शोसोइन या कोठारात त्या सांभाळल्या गेल्या. ११८५ मध्ये दुरुस्त मूर्तीचे डोळे उघडताना निवृत्त सम्राट गोशिराकावाने हाच जुना कुंचला बाहेर काढून वापरला. दोरी सुमारे २०० मीटर लांब आहे. कांस्य वितळले आणि रेशीम टिकले, हे वाचलेले असूनही मूर्तीसमोर उभे राहून पुन्हा आठवले, तेव्हा काही क्षण बाजूची गर्दी दिसेनाशी झाली.

सभागृहाबाहेर बसवलेल्या पिंडोल भारद्वाजाच्या लाकडी मूर्तीपाशी हात लावण्याची हौस आजही पुरी होते. बुद्धाच्या या शिष्याने लोकांसमोर चमत्कार दाखवला म्हणून त्याला बोल खावे लागले, आणि जपानी देवळांत त्याचे स्थान गाभाऱ्याबाहेर असते. आपला जो अवयव दुखतो, तोच मूर्तीचा अवयव चोळायचा असा रिवाज आहे. लाल टोपडे घातलेल्या त्या म्हाताऱ्याचे गुडघे इतके गुळगुळीत झाले आहेत की जपानचे वय वाढते आहे, हे त्यावरूनही कळावे.

दुपारी पर्सिमॉन या फळझाडाच्या पानात गुंडाळलेली सुशी खाऊन कासुगा देवस्थानच्या हजारो दिव्यांमधून चालत गेलो. हे सगळे दिवे ठरावीक रात्रीच उजळतात, त्यामुळे दिवसा दगडी दिव्यांवरचे शेवाळ पाहण्यावर समाधान मानावे लागते. तोदाईजीच्याच निगात्सुदो या उंचावरच्या सभागृहाच्या गच्चीवरून सगळे शहर दिसते आणि तेथे तिकीटही नाही.

शोसोइनमधला ठेवा एरवी बंद असतो. शरदात, ऑक्टोबरच्या अखेरीपासून सुमारे दोन आठवडे, नारा राष्ट्रीय संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरते. पण सुमारे ९,००० वस्तूंपैकी दर वर्षी साधारण साठच मांडल्या जातात आणि निवड दर वेळी बदलते. तेव्हा दोरी पाहायची असेल, तर विमानाचे तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची यादी पाहावी.