१.२०५० ची ऑर्डर

मी परदेशात पैसे पाठवून देणाऱ्या एका कंपनीत करन्सी डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट, जानेवारी २०१५. एका गिऱ्हाइकाचा पगार युरोत आणि कर्ज स्विस फ्रँकमध्ये. असे बरेच जण असायचे, फ्रँकचा व्याजदर कमी म्हणून तिकडचं कर्ज काढलेले. याचे २४,००० फ्रँक उरले होते आणि ते एकरकमी फेडून एकदाचं मोकळं व्हायचं होतं.

आता तेव्हाची गंमत अशी की सप्टेंबर २०११ पासून स्विस केंद्रीय बँकेने युरोला १.२० फ्रँकची तळाची मर्यादा घालून ठेवली होती, त्याखाली जाऊ द्यायचंच नाही. भाव १.२०१० च्या आसपास नुसता बसलेला. गिऱ्हाईक म्हणायचे, "खाली तर जाणार नाही, गेला तर वरच जाईल, मग थांबायला आपलं काय जातंय?" मलाही ते पटायचं, खोटं कशाला सांगू. १.२०५० मिळाला तर घेऊ म्हणून मी तशी ऑर्डर लावून दिली. नंतर हिशोब केला तर १.२०१० ला १९,९८३ युरो लागत होते आणि १.२०५० ला १९,९१७, म्हणजे साठ-सत्तर युरोंसाठी हा माणूस तीन आठवडे थांबलेला आणि तिकडे कर्जावरचं व्याज चालूच, ते आम्ही दोघांनीही धरलं नव्हतं.

कर्ज बंद करायची रक्कम सोमवार, १९ तारखेपर्यंत पोचायला हवी होती. सौदा केल्यावर पैसे हातात यायला कामकाजाचे दोन दिवस जातात, म्हणजे गुरुवारी १५ ला सौदा करायलाच हवा. सकाळी दहाला त्यांचा फोन आला, "दुपारपर्यंत बघू ना, थोडा वर जातोय का."

मी म्हटलं, "चालेल."

साडेदहाला स्क्रीनवर १.२० च्या खालचा आकडा दिसला. मला वाटलं फीड गंडलंय, मी रिफ्रेश मारला. मग १.१५, मग त्याच्याही खाली, आणि मग भावाची जागा रिकामीच. शेजारचा डीलर दोन्ही कानांना फोन लावून बसलेला, म्हणाला "अरे कुणी भावच देत नाहीये." तेवढ्यात बातमी आली, बँकेने मर्यादा काढून टाकली. सोमवारीच त्यांचे उपाध्यक्ष म्हणाले होते की ही मर्यादा आमच्या धोरणाचा कणा आहे! काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला.

बारा वाजता ठरल्याप्रमाणे त्यांचा फोन आला. "लागली का हो ऑर्डर?"

त्यांनी बातमी बघितलीच नव्हती. मी सांगितलं की आता २४,००० फ्रँकना जवळपास २४,००० युरो लागतील, तर ते म्हणाले "तुम्ही आकडे उलटे वाचताय." दोनदा वाचून दाखवले. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मीही नाही, कारण त्या "चालेल"चं काय करायचं तेच कळत नव्हतं.

एकरकमी फेडायचं राहिलं. संध्याकाळी भाव जरा थाऱ्यावर आल्यावर त्या महिन्याच्या हप्त्यापुरते फ्रँक घेतले, बाकी दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, भाव असेल तो, असं लिहून घेतलं. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "ती जुनी ऑर्डर काढून टाकली ना?"

नव्हती काढली. सिस्टीममध्ये ती तशीच, १.२०५० ची वाट बघत.