फर्टिलायझेशन : खत की फलन?

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मागच्या पौषात एका शेजाऱ्यांनी कीटकनाशकाच्या बाटलीसोबत आलेला इंग्रजी कागद माझ्याकडे आणला. त्यांच्या मुलाने मोबाइलवर त्याचे मराठी करून दिले होते आणि त्यात 'परागीभवन व खत घालण्याच्या काळात फवारणी टाळावी' असे वाक्य उतरले होते. "मास्तरांनू, खत तर मिरगात घातला, मग आता मोहरावर फवारूक काय हरकत?" हा त्यांचा प्रश्न त्या वाक्यापुरता अगदी रास्त होता. मुळात शब्द होता 'फर्टिलायझेशन', आणि तिथे त्याचा अर्थ होता फलन.

लॅटिनमधल्या 'फेरे', म्हणजे वाहणे किंवा धारण करणे, या क्रियापदापासून 'फर्टिलिस', म्हणजे भरपूर धरणारा, हे विशेषण झाले, आणि त्यावरून आलेल्या इंग्रजी शब्दाने जमीन सुपीक करणे व बीज फलित करणे ही दोन्ही कामे पत्करली. मराठीत ती वेगळी आहेत. शब्दाच्या आसपास माती, मात्रा, नत्र, पालाश असेल तर खत देणे म्हणावे. फूल, पराग, अंडे असेल तर फलन. काही जण 'निषेचन' लिहितात, पण त्यातला 'सिच्' हा धातू सिंचनातलाच, त्यामुळे बागायतदाराला तो शब्द पुन्हा शिंपडण्याकडेच नेईल असे मला वाटते. गुराचे डॉक्टर गायीत वीर्य सोडतात ते रेतन. फलन त्यानंतर गायीच्या पोटात आपोआप होते किंवा होत नाही.

परागीभवन आणि फलन यांतही असेच अंतर आहे. आंब्याच्या मोहोरात नर फुले आणि संयुक्त फुले, म्हणजे नर व मादी दोन्ही भाग असलेली, एकत्र असतात व फळ फक्त संयुक्त फुलालाच धरते. माश्यांनी पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, आणून टाकला की परागीभवन झाले. मग परागातून निघालेली परागनलिका बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचे पुढे बी होते तिथपर्यंत, वाढून नर युग्मकाचा, म्हणजे नर बीजपेशीचा, अंडपेशीशी संयोग झाला तरच फलन. हापूसला स्वतःचा पराग फारसा मानवत नाही, म्हणून बागेत अधूनमधून केशर, रत्ना किंवा एखादा रायवळ असावा असे सांगतात. माश्यांची वर्दळ भरपूर असूनही कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरत नाही, तेव्हा असे एखादे कारण शोधावे लागते. खताला बोल लावून उपयोग नसतो.

सपुष्प वनस्पतींत हे फलन दुहेरी असते, हे 1898 मध्ये रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी दाखवले. एका नर युग्मकापासून भ्रूण तयार होतो, तर दुसरे युग्मक बीजांडातल्या मध्यवर्ती पेशीशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे अंकुराची शिदोरी, घडवते. आंब्यात हा भ्रूणपोष बी पिकेपर्यंत संपून जातो, नारळात मात्र तो राहतो आणि आपल्या जेवणात येतो: शहाळ्याचे पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष आणि खोबरे हा घट्ट झालेला. रोज सोलकढीत वाटले जाणारे खोबरे हे द्विफलनाचे फळ आहे, हे वर्गात सांगितले की मुले आधी हसत आणि मग घरी जाऊन आईला सांगत.

शेजाऱ्यांच्या कागदावर मी छापील वाक्याखाली पेनाने लिहून दिले: 'फुले उमललेली असताना, कणी धरेपर्यंत, हे औषध मारू नये.' ते वाचून त्यांनी भरून ठेवलेला पंप रिकामा केला आणि मुलाला हाक मारली.